भूशास्त्र विभागाचं एकमत

"सोमवारच्या बैठकीत तुमच्या चारही प्राध्यापकांचं एकमत करून दाखवा, विभागप्रमुखपद तुमचं," कुलगुरू बर्वे म्हणाले. "नाही जमलं, तर मुळ्यांना देतो."

ज्येष्ठतेनं पद डॉ. शर्वाणी बोंद्रे यांचंच होतं. पण ही माणसं सांभाळणं बाईमाणसाला झेपायचं नाही, असं कुलगुरूंच्या मनानं घेतलं होतं. आणि या विभागात एकमत? नव्या इमारतीतला मोठा हॉल मिळून वर्ष लोटलं, तरी त्याला कुलूपच होतं. प्रत्येकाला तो आपल्या प्रयोगशाळेसाठी हवा होता.

घरी येऊन शर्वाणीबाई स्वतःवरच हसल्या. म्हणे आपण एकमत घडवणार! आजवरच्या बैठकांत आपलं एकच वाक्य सर्वांनी कान देऊन ऐकलं होतं: 'चहा सांगू का?' बाकी काही बोलावं, तर सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये. मग थोड्या वेळानं मुळ्ये तेच घसा खाकरून मांडत आणि वाहवा होई. एकदा तर बाईंनीही वाहवा केली होती. मुद्दा आपलाच होता, हे जिना उतरताना लक्षात आलं.

हसता हसता त्या थांबल्या. यांची ही खोड तर कामाचीच होती!

दुसऱ्या दिवसापासून त्या एकेकाला एकटं गाठू लागल्या. कुणाला पार्किंगमध्ये, कुणाला ग्रंथालयात. हॉलमध्ये विद्यार्थ्यांसाठी खडकांचं संग्रहालय करावं, असं हळूच म्हणत आणि लगेच हवापाण्याकडे वळत. कुणी मान वर केली नाही.

सोमवारी कुलगुरू स्वतः येऊन बसले. मुळ्ये उठले. "मला एक अभिनव कल्पना सुचलीय. संग्रहालय!"

"ही तर माझी कल्पना," सावंगीकर उसळले. उरलेले दोघेही हक्क सांगू लागले. भांडण चांगलंच जुंपलं, पण संग्रहालय नको, असं कुणीच म्हणेना. ठराव एकमतानं झाला.

सगळे गेल्यावर कुलगुरूंनी विचारलं, "मॅडम, कसं जमवलंत?"

"मी नुसतं बोलले, सर. इथे माझं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. नंतर सुचतं मात्र सगळ्यांना."

"कमाल आहे. पण संग्रहालयाचं म्हणाल, तर ते माझ्याही मनात होतं हं."

"असणारच, सर. शुक्रवारी लिफ्टमध्ये तुम्हालाही सांगितलं होतं."

कुलगुरू इतके हसले, की शिपाई आत डोकावला. डोळे पुसत त्यांनी नेमणुकीच्या आदेशावर सही ठोकली. त्यांना आणखी काही सुचायच्या आत तो उचलून बाई बाहेर पडल्या.