दरबारातली मोजणी

पानमळ्यात देवघरासारखं अनवाणी जायची रीत. दिवाणसाहेब मात्र चंद्राईच्या मळ्यात जोड्यांसकट शिरले.

"इथे शेटजींचा कारखाना होणार. जो जास्त उत्पन्न देईल त्याची जमीन, असा महाराजांचा नवा कायदा आहे," असं म्हणून त्यांनी सगळ्या वेली उपटायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी म्हातारी चंद्राई चपलांसकट दरबारात शिरली आणि दोरीने सिंहासनाभोवतीची जागा मोजू लागली.

"हे काय चाललंय?" महाराज गरजले.

"गोठा बांधतेय. माझी म्हैस दिवसाला आठ शेर दूध देते. आपण इथे बसून काय देता?"

महाराज ओशाळून म्हणाले, "कायदा रद्द. मळा तुझा."

चंद्राईने पदरातली सुकलेली वेल त्यांच्या पायाशी टाकली.

"आता हिलाही हुकूम सोडा, महाराज. म्हणावं, ऊठ आणि वाढ."