बिनफटीचा दरबार

निंबखेडच्या महाराजांची झोप मोडली आणि रुळांची डागडुजी करणाऱ्या सटवाजी मुकादमाच्या गँगवर चोरीचा आळ आला.

संस्थानची आगगाडी ती केवढीशी! पुढे धूर ओकणारं इंजिन, मागे मालाच्या चार वाघिणी आणि शेपटाला महाराजांचा मखमली डबा. महाराज त्यात आडवे झाले की खालून सुरू, खडाक्-खट, खडाक्-खट. "हा आवाज कसला?" महाराज गरजले. दिवाण केरोपंत भल्या सकाळी गारव्यात खाली उतरले, जन्मात पहिल्यांदा रुळाकडे वाकले आणि चोर पकडल्याच्या थाटात परतले.

"सरकार, दोन रुळांच्या सांध्यात फट आहे. माझी करंगळी आत गेली. एका नव्हे, प्रत्येक सांध्यात! या गँगवाल्यांनी रुळांची टोकं कापून लोखंड विकलंय."

लगेच हुकूम सुटला. अक्षय्य तृतीयेला महाराज सासुरवाडीला निघायच्या आत सगळ्या फटी बुजवा, नाहीतर गँगच्या गँग तुरुंगात.

सटवाजीनं हात जोडले. "सरकार, लोखंड उन्हानं वाढतंय. म्हणून तर फट सोडतात. बुजवली तर दुपारी रूळ वाकडा हुईल आन् गाडी जाईल खड्ड्यात."

"लोखंड वाढतं म्हणे," केरोपंत म्हणाले. "मग पहारेकऱ्याचा भाला संध्याकाळपर्यंत ताडाएवढा व्हायला हवा."

दरबार खो खो हसला. दरबाराला पगारच त्याचा मिळत होता. खरं काय ते सांगणारे इंजिनियरसाहेब उन्हाळा सोसत नाही म्हणून डोंगरावर गेले होते. रुळांना ती सोय नव्हती.

सटवाजी घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. फटी बुजवाव्यात तर गाडी उलटणार, न बुजवाव्यात तर तुरुंग. त्याची लेक हौसा रुळांखाली खडीच्या पाट्या वाहायची. अंगानं काटकुळी, जीभ मात्र कुऱ्हाडीसारखी. ती पदर खोचून तडक दरबारात गेली.

"म्हाराज, फटी बुजवतो. पण आम्ही अडाणी. बिनफटीचं काम कसं असतं ते आम्ही कधी बघितलं न्हाई. दरबारानं एकदा करून दाखवावं."

"म्हणजे काय करायचं?"

"बसायचं आन् खायचं. रिकामी वाघीण उभी हाय, तिच्यात एक बाकडं टाकते, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. दरबारी मंडळींनी खांद्याला खांदा लावून बसावं, मधी तसूभर फट नको. दुपारपर्यंत सगळे तसेच बसले, तर आम्ही फटी बुजवून आपल्या पायानं तुरुंगात जाऊ."

केरोपंत मिशीत हसले. "सरकार, बसणं आणि खाणं? हे तर आम्ही पिढ्यान् पिढ्या करत आलोय."

महाराजांना कंटाळा आलेलाच होता. ते हो म्हणाले.

सकाळी थंड वाऱ्यात मंडळी वाघिणीत चढली. अंगरखे, उपरणी, पगड्या, सगळा थाट. बाकडं दाराला लागूनच होतं. मधोमध, उघड्या दारासमोर, केरोपंत बसले, कारण मान मधल्या जागेचा. शेवटी भिंतीपाशी वीतभर जागा उरली.

"फट राहिली," हौसा म्हणाली.

राजज्योतिषी तेवढे बारीक होते. दोघा गँगवाल्यांनी त्यांना पाचरीसारखं ठोकून बसवलं.

मग पंगत वाढली. पुरणपोळी, जिलबी, वाट्या भरभरून बासुंदी. मंडळींनी ओरपायला सुरुवात केली. महाराज समोरच्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. ऊन चढलं, तसं वाघिणीचं पत्र्याचं छप्पर तापलं आणि आत भट्टी पेटली.

"खजिनदार, तुमचं कोपर माझ्या बरगडीत आहे."

"ते कोपर नाही, पोट आहे. सकाळी ते तिथं नव्हतं."

"जरा सरका की हो."

"कुठं सरकू? ज्योतिषीबुवांच्या पोटात?"

"मला कुणी पोट ठेवलंय का आता?" भिंतीकडून बारीक आवाज आला.

दोन्हीकडची मंडळी घामानं भिजली, जेवणानं फुगली, मध्ये सरकू लागली. केरोपंतांचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. ते हळूहळू बाकड्यावरून वर उचलले जाऊ लागले. "अरे, दाबू नका! मी दिवाण आहे!" एवढं म्हणताहेत तोवर बासुंदीच्या वाटीसकट दारातून सुटले, ते थेट बाहेरच्या खडीच्या ढिगावर.

महाराज खुर्चीत गदागदा हलत होते. हसू आवरेना.

"बघितलं म्हाराज?" हौसा म्हणाली. "दिवाणसाहेबांना बाहेर पडायला दार तरी होतं. रुळाला दार नसतं. तो आडवा वाकतो, आन् मग त्याच्यावर जो बसलेला असंल तो खडीवर येतो. तुम्हाला सासुरवाडीला असं पोचायचं असंल, तर सांगा, आत्ता फटी बुजवते."

महाराजांचं हसू जरा थबकलं. केरोपंत खडीवरूनच ओरडले, "सरकार, विषय बदलतेय ती. फटीतलं लोखंड गेलं कुठं, ते विचारा!"

"उठा दिवाणसाहेब, तुमच्या पायापाशीच सांधा हाय. घाला करंगळी."

केरोपंतांनी पाहिलं. भर दुपारी रूळ एकमेकांना असे भिडलेले, की करंगळी सोडा, कागदसुद्धा आत जाईना.

"गेलेलं लोखंड आलं न्हवं परत?" हौसा म्हणाली. "म्हाराज, आम्ही असले चोर, की सकाळी नेलेला माल दुपारी आणून ठेवतो. या बाकड्यावरच्या कुणी आजवर एकदा तरी काही परत आणून ठेवलंय का, ते तेवढं विचारून घ्या."

वाघिणीतल्या मंडळींनी बासुंदीच्या वाट्यांत तोंडं खुपसली. महाराज मात्र असे हसले, की खुर्चीचा पाय मोडला. उठून अंगरखा झटकत म्हणाले, "मुकादमाच्या गँगवरचा आळ आम्ही काढला. फटी राहू द्या. पोरी, तुला काय हवं ते माग."

"आमच्या झोपड्या पावसात गळतात म्हाराज. ही वाघीण चाकांवरून उतरवून रुळाच्या कडेला गँगला राहायला द्या."

"दिली. आणखी काही?"

हौसानं आत वाकून पाहिलं. "आणखी एवढंच, ही मंडळी आधी त्यातनं काढून घ्या."