जास्वंदीचं कुंपण

झाडं अजून माणसांशी बोलत होती, तेव्हाची गोष्ट. द्वारकाकाकूंचं अंगण रस्त्याला लागून होतं. येणारा-जाणारा मान वळवून आत बघायचा, म्हणून काकूंना खांद्याएवढं कुंपण हवं होतं.

अडुळसा म्हणाला, "मला लावा. मी दाट वाढतो, आणि बकरी मला तोंड लावत नाही."

"तुझं काम खोकल्यापुरतं," असं म्हणून काकूंनी लालभडक जास्वंद लावली.

दोन वर्षांत जास्वंद खांद्याला लागली. मग रोज उजाडताच शेजारीपाजारी परड्या घेऊन यायला लागले. विचारायचं कुणी नाही, कारण फुलं देवासाठी. फांदी ओढून वाकवायची, मोडली तर मोडली, आणि पडलेल्या भगदाडातून डोकावून म्हणायचं, "काकू, काल कोण पाहुणे आले होते?"

शेवटी जास्वंदच संतापली. "काकू, ही माणसं माझी हाडं मोडतात आणि घरी जाऊन देवापुढे हात जोडतात. मला परसात न्या. इथे त्या अडुळशाला उभा करा."

काकूंनी तसंच केलं. अडुळसा वाढला, अंगण झाकलं गेलं. एका सकाळी काकू पहिल्यांदाच अंगणात निवांत केस विंचरत बसल्या होत्या. तेवढ्यात कुंपणापलीकडे रिकामी परडी आपटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ शेजारच्या गोदूताईंचा.

"एवढं लांबलचक कुंपण, आणि त्यात देवाला वाहायला एक फूल नाही. किती आपमतलबी असावं माणसानं."