गुडघे वाकणारी सेनापती

गोष्ट तशी गेल्या दिवाळीचीच, पण खेळण्यांचं आयुष्य थोडं, म्हणून ती आपसांत फार जुन्या काळची म्हणून सांगतात.

शलाकाने आपल्या प्लास्टिकच्या बाहुलीचे लांब केस कापले, गुलाबी फ्रॉकवर चॉकलेटच्या चांदीचं चिलखत चढवलं आणि पाठीला पुठ्ठ्याचे पंख चिकटवले. मग जादूनगरीची ही सेनापती तिने अंगणातल्या किल्ल्यावर नेऊन उभी केली.

किल्ल्यावरचे मातीचे मावळे खवळले. म्हातारा किल्लेदार म्हणाला, "चांदी चिकटवून कुणी लढवय्या होत नाही, पोरी. तुझे तर गुडघे वाकतात! आम्ही भट्टीतून निघालो ते ताठच."

"मला बसता येतं, किल्लेदारकाका," बाहुली म्हणाली. सगळे खो खो हसले.

पाडव्याच्या सकाळी शलाकाने किल्ल्यावर उगवलेल्या अळिवाला मायेने बादलीभर पाणी घातलं आणि ती फराळाला पळाली. इकडे माती सुटली. मावळे ताठच्या ताठ घसरू लागले. खाली कडक फरशी होती.

बाहुलीने बुरुजाच्या दगडाला पाय रोवले, गुडघे वाकवले आणि ती वाटेत आडवी बसली. एकेक मावळा तिच्यावर येऊन टेकला. पंख चुरगळले, चांदी निघाली, आतला गुलाबी फ्रॉक उघडा पडला.

सगळ्यांत शेवटी किल्लेदार घसरत आला आणि त्या फ्रॉकला टेकून थांबला. खालच्या फरशीकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"सेनापती," तो म्हणाला, "आम्हालाही बसायला शिकवाल का?"