सगुणाआत्याला मुलगा झाला

सगुणाआत्याला वयाच्या बहात्तराव्या वर्षी मुलगा झाला, आणि ही बातमी गावात सगळ्यांत शेवटी कळली ती तिला स्वतःला!

मुलगा कोण, तर तिच्या वारलेल्या भावाचा धाकटा लेक रायाजी. वय तीस, मिशा पिळदार. आत्या तापाने अंथरुणाला खिळली तेव्हा हा बायकोला घेऊन सेवेच्या नावाखाली येऊन राहिला. ताप उतरला, पण रायाजी काही हलेना. आधी आत्याच्या कमरेची किल्ली गेली, मग पाटल्या गेल्या, मग दीड बिघ्याचा पानमळाही गेला. तिने विचारलं तर त्याने एक कागद नाचवला. त्यात लिहिलं होतं, की बाबांनी मरताना रायाजीला आत्याच्या ओटीत घातलं, म्हणून तो तिचा दत्तक मुलगा आणि सगळं त्याचंच. खाली आत्याचा अंगठा. तो तापाच्या ग्लानीत कधी उठवून घेतला, हे त्या माउलीला ठाऊकही नव्हतं. शिळ्या भाकरीचं तिला काही वाटत नसे, पण नवऱ्याने लावलेल्या वेलींपाशी कुणी जाऊ देईना, याचं मात्र तिला फार रडू येई.

भिवरा गवळण त्या घरी रोज दूध घाली. दूध रायाजीच्या पोटात आणि आत्याच्या वाटीत ताकाचं पाणी, हे तिने महिनाभर पाहिलं. मग मात्र तिचं डोकं फिरलं. आत्याचा हात धरून ती थेट धवलगडच्या महाराजांपुढे जाऊन उभी राहिली.

महाराज मनाने वाईट नव्हते, पण हट्टी असे की बोलून बसले की ब्रह्मदेव आला तरी माघार नाही. त्यांनी रायाजीला बोलावलं. कागद पाहिला, अंगठा पाहिला, रायाजीचे दोन साक्षीदार पाहिले. दोघांचीही तोंडं आत्याच्याच मळ्यातल्या पानांनी लाल झालेली! कागद खरा आहे, असं महाराजांनी सांगून टाकलं.

"कागद खोटा आहे, महाराज," भिवरा म्हणाली.

झालं, महाराज इरेला पेटले. "असं? मग हे रायाजीच्याच तोंडून वदवून दाखव. उद्या दुपारपर्यंत. त्याला धमकवायचं नाही, लालूच दाखवायची नाही, त्याच्याशी एक शब्दही बोलायचा नाही. जमलं तर मळा म्हातारीचा. नाही जमलं तर मळा त्याचा, आणि तुझ्या म्हशी माझ्या कुरणाबाहेर."

दरबार खो खो हसला. चोर कधी आपण होऊन चोरी कबूल करतो का? वाटेत आत्या म्हणत राहिली, की माझ्यापायी तुझ्या म्हशी उपाशी मरतील गं. भिवराने तिला समजावलं, की त्या तशाही फार माजल्यात, चार दिवस उपास घडला तर पुण्यच लागेल.

आत्याला घरी पोहोचवून भिवरा पदरात खडीसाखर बांधून शेजारच्या गावी निघाली. तिथे रायाजीचे दोन थोरले भाऊ राहत, सिदोजी आणि येमाजी. बापाची चाळीस बिघे उसाची जमीन, तिघांत वाटणी व्हायची होती. भिवराने दोघांच्या हातावर साखर ठेवली आणि तुमचा रायाजी दत्तक गेला, म्हणून सांगितलं.

सिदोजी पोट धरून हसला. बाबांनी त्याला कधीच कुणाच्या ओटीत घातलं नव्हतं, ही शुद्ध थाप होती, असं त्याने सांगितलं.

"असेल बाई थाप," भिवरा म्हणाली. "मी आपली अडाणी. पण एक विचारू? दत्तक गेलेल्या पोराला जन्मल्या घरी वाटणी मिळते का हो?"

सिदोजीचं हसू थांबलं. येमाजीने साखर तोंडात टाकली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि भिवरा म्हशींच्या धारा काढायला घरी परतली.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ नव्या पागोट्यांत दरबारी हजर!

"महाराज, कागद अगदी खरा," सिदोजी म्हणाला. "बाबांनी आमच्या डोळ्यांदेखत रायाजीला आत्याच्या ओटीत घातलं."

दरबार चकित झाला. ही गवळण नक्की कुणाच्या बाजूची, हेच महाराजांना कळेना. रायाजी तर मिशांना पीळ देत फुगून उभा राहिला.

"म्हणून एक विनंती," येमाजी नम्रपणे पुढे म्हणाला. "रायाजी आता त्या घरचा झाला. रीतीप्रमाणे आमच्या चाळीस बिघ्यांत त्याचा हिस्सा उरला नाही. तेवढं आजच लिहून मिळावं."

रीत तर खरीच होती. महाराजांनी कारकुनाला खूण केली, कारकुनाने बोरू दौतीत बुडवला, आणि रायाजीच्या तोंडचं पाणी पळालं. दीड बिघ्याची पानं धरून बसावं, तर तेरा बिघ्यांचा ऊस जातो!

"थांबा महाराज!" तो ओरडला. "कागद खोटा आहे. आत्याचा अंगठा मी तापात उठवला. बाबांनी मला कुणाच्याच ओटीत घातलं नाही!"

"घातलं होतं रे," सिदोजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. "तू रडत होतास, तुला ऐकू गेलं नसेल."

महाराजांनी कागद टराटरा फाडला आणि ते भिवराकडे वळले. "आणि तू याच्याशी एक शब्दही बोलली नाहीस?"

"कशाला बोलू? त्याच्या घरी मुलगा कमी झाला, मी आपली साखर वाटून आले."

किल्ली आत्याला मिळाली. पाटल्या रायाजीच्या बायकोच्या हातातून उतरल्या. वर्षभर रायाजीने मळ्याला पाणी घालावं, आणि खोटी साक्ष देणाऱ्या दोघा भावांनी घागरी वाहाव्यात, असा हुकूम सुटला. पान खाऊन साक्ष देणाऱ्यांना तर शिपायांनी कधीच पकडून बसवलं होतं.

मग महाराजांनी प्रेमाने विचारलं, "आत्याबाई, मळ्याला वारस हवा. एखादा चांगला मुलगा दत्तक पाहून देऊ का?"

आत्याने किल्ली कमरेला खोचली, वर दोनदा चाचपून पाहिली.

"नको, महाराज. एक झाला होता. ऊस दिसला तसा आईला टाकून पळाला."

महाराज हसता हसता सिंहासनावरून घसरले. मग डोळे पुसत त्यांनी आपल्या हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि भिवराच्या हातात घातलं.