जादा चावी

भोंगा असा मध्येच तुटलेला मी कधी ऐकला नव्हता. फार वर्षं झाली त्याला.

“आत कोण आहे?” तिथं संशोधन करणारा निषाद ओरडला.



मी तेव्हा लेझरच्या प्रयोगशाळेत दारावर शिपाई होतो. आतल्या दालनात लेझरचा झोत वायूवर सोडायचे आणि त्यातून बारीक कण सुसाट पळवायचे. त्या वेळी आत माणूस असला तर डोळे जातील, जीवही जाईल. म्हणून नेम असा, की आत जाणाऱ्यानं दाराजवळच्या बोर्डवरची एक चावी खिशात घालायची. एक जरी चावी जागेवर नसली, तरी झोत सुटत नसे.

त्या दुपारी एक जागा रिकामी होती.

“कुणीतरी परत चावी घरी नेली,” म्हणत निषादनं कपाटातली जादा चावी तिथं बसवली. आत फिरून बघितलंही नाही. मला म्हणाला, “मामा, पेढे सांगून ठेवा. आज आपल्याएवढ्या जोरात कण जगात कुणी पळवले नसतील!”

मग झोत सुटण्याआधीचा इशाऱ्याचा भोंगा वाजला. आणि तुटला.

दार सरकलं. देऊस्करबाई बाहेर आल्या, निषादच्या गुरू. सगळं थांबवणारं आतलं लाल बटण त्यांनीच दाबलं होतं. केसांना जाळी, एका हातात पाना, दुसऱ्या हातात चावी.



बाई स्टुलावर बसल्या.

“मामा, पाणी.”

प्यायल्या. अर्धं अंगावर सांडलं.

निषाद पांढराफटक पडला होता. “मॅडम, तुम्ही... आत जाताना एकदा सांगायचं तरी!”

“सांगितलं होतं की. चावी काढली होती.”

तो खालीच बसला. लहान लेकरासारखा रडायला लागला. “मला काढून टाका, मॅडम.”

“काढलं तर दुसरीकडे जाशील. तिथंही बोर्ड असेल.”

“मला वाटलं, कुणी नाही...”

“वाटलं.”

“आईशपथ सांगतो, आत तुम्ही आहात हे कळलं असतं, तर मी हात लावला नसता!”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं...

“मग कोण असतं तर चाललं असतं?”

निषाद उठला. डोळे पुसले नाहीत. बोर्डवरची जादा चावी काढून बाईंपुढे ठेवली आणि जिन्याकडे चालत गेला.