तीन खिळ्यांचा डोंगर

एका राज्यात वाळूचा डोंगर होता. ज्या घरी मूल जन्मे, त्या घराने शिखरावर ओंजळभर वाळू वाहावी, अशी तिथली रीत. वाळू चढे, वाळू घसरे. एकदा घसरत्या वाळूने राणीला पोटात घेतले. राजा रत्नवर्माने जादूगार बोलावला.

"एक कणही हलता कामा नये," राजा म्हणाला.

जादूगाराने डोंगरात तीन लोखंडी खिळे ठोकले. डोंगर जागच्या जागी थिजला. रीत मात्र चालूच राहिली, आणि तो भिंतीसारखा उभा चढत गेला.

एके सकाळी राजकन्या तारिणीच्या खिडकीत टिटवी येऊन बसली.

"तुझे वडील हुशार हो. डोंगराच्या शिंकाच बंद केल्या. आता खिळे गंजलेत. आपोआप तुटले, तर नगर उरणार नाही. तू एकेक उपटलास, तर काही उरेल."

"किती उरेल?"

"ते वाळूलाही ठाऊक नाही."

तारिणी राजाकडे गेली.

"त्या डोंगराने तुझी आई नेली," राजा म्हणाला.

"म्हणून तुम्ही त्याला बांधलंत, बाबा. आता तो सगळ्यांच्या आयांवर उभा आहे."

तारिणीने नगर सोडण्याची दवंडी पिटवली. लोक हसले. "इतक्या वर्षांत कण पडला नाही," कुंभारीण म्हणाली, "तो आजच बरा पडेल. राजकन्येला सांगा, उन्हात फिरू नकोस."

तारिणी एकटीच डोंगर चढली. पहिला खिळा उपटला, तेव्हा बकऱ्यांचा एक रिकामा गोठा बुडाला. लोक वेशीपर्यंत पळाले. दुसरा उपटला. एक कण गडगडला आणि थांबला. लोक हसत घरी परतले.

तिसऱ्या खिळ्यावर तिचा हात थबकला. खाली चुली पेटल्या होत्या.

तेव्हा महालाचा दरवाजा उघडला. राणी गेल्यापासून जो उंबऱ्याबाहेर आला नव्हता, तो राजा अनवाणी दारोदार फिरू लागला. तो हुकूम देत नव्हता. म्हाताऱ्यांना हात देत होता. त्याला पाहून कुंभारणीने चाक सोडले, नातवंड कडेवर घेतले. सूर्य माथ्यावर आला तेव्हा नगर रिकामे झाले होते.

तारिणीने खिळा उपटला.

डोंगर उतरला. अर्धे नगर गेले, महाल गेला. माणूस एकही गेला नाही. तारिणी उरलेल्या उतारावरून सावकाश खाली आली. जादू सुटली होती. डोंगराला त्याचा स्वतःचा उतार मिळाला होता.

लोकांनी माळावर राहुट्या ठोकल्या. वरून पुन्हा थोडी वाळू सुटली. सगळे दचकून उठले. ती राजाच्या पावलांवरून घसरत गेली. त्याने पाय मागे घेतले नाहीत.